स्वस्त फिलर की महाग फिलर? दवाखान्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात त्वचारोगतज्ज्ञ आहे. ओठ, गाल, हनुवटी किंवा डोळ्याखालचे खड्डे भरून घ्यायला जे येतात, त्यांतल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "मॅडम, एका सिरिंजचे किती?" यात चुकीचं काहीच नाही. पैसा कष्टाचा असतो आणि फिलर स्वस्त नसतो. पण दर ऐकल्यावर पुढचे जे चार प्रश्न यायला हवेत, ते बहुधा विचारले जात नाहीत. खाली दोन्ही प्रकारचे प्रश्न घेतले आहेत, लोक विचारतात ते आणि त्यांनी विचारावेत असं मला वाटतं ते.

फिलर आणि बोटॉक्स एकच ना?

नाही. बोटॉक्सने स्नायू काही महिने सैल पडतो, म्हणून कपाळाच्या आणि डोळ्यांच्या कडेच्या आठ्या कमी दिसतात. फिलर म्हणजे भराव. त्वचेखाली जेल घालून तिथे उठाव आणायचा. दोन्ही इंजेक्शनंच, म्हणून गल्लत होते. धोके मात्र पूर्ण वेगळे आहेत.

हे जेल असतं कशाचं?

आज वापरात असलेले बहुतेक फिलर हायल्युरोनिक ॲसिडचे असतात. नावात ॲसिड असलं तरी घाबरू नका. ही एक प्रकारची साखरसाखळी आहे आणि ती आपल्या त्वचेत, सांध्यांत, डोळ्यांत मुळातच असते. १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ती गाईच्या डोळ्यातून पहिल्यांदा वेगळी काढली. ती पाणी धरून ठेवते, म्हणून भरावाला उपयोगी पडते.

अडचण अशी, की शुद्ध हायल्युरोनिक ॲसिड शरीरात टोचलं तर ते एक-दोन दिवसांत विरून जातं. ते टिकावं म्हणून कारखान्यात त्याच्या साखळ्या एकमेकींना रसायनाने बांधतात. बहुतेक कंपन्या यासाठी बीडीडीई नावाचं रसायन वापरतात. ही बांधणी झाल्यावर उरलेलं रसायन धुऊन काढावं लागतं, कारण मोकळं बीडीडीई शरीराला चांगलं नाही. तयार जेलमध्ये ते दहा लाख भागांत २ भागांपेक्षा कमी असावं, ही सर्वसाधारणपणे मानली जाणारी मर्यादा. स्वस्त आणि महाग यांतला खरा फरक इथूनच सुरू होतो. बांधणी किती नेटकी झाली, धुलाई किती झाली, आणि प्रत्येक बॅच तपासली की एखादीच, हे सिरिंज हातात धरून कुणालाही कळत नाही, मलाही नाही.

एकीकडे ४,५०० रुपये आणि दुसरीकडे ३५,००० रुपये. एवढा फरक कसा?

आमच्याकडे सध्या साधारण तीन पायऱ्या दिसतात. जुव्हेडर्म, रेस्टिलेन, बेलोटेरो, टिओसियाल यांसारख्या युरोपीय-अमेरिकी फिलरची १ मिलीची सिरिंज डॉक्टरांच्या फीसकट वीस-पस्तीस हजारांत बसते. परवाना असलेले कोरियन फिलर दहा ते पंधरा हजारांच्या आसपास. आणि तिसरी पायरी म्हणजे इन्स्टाग्रामवरची "फक्त आज ४,५००" अशी जाहिरात.

पहिल्या दोन पायऱ्यांमध्ये कोणती घ्यावी यावर बोलता येईल, आणि ते मी पुढे बोलणारही आहे. तिसरीवर बोलण्यासारखं काही नाही. परवान्याची सिरिंज, निर्जंतुक सामान, भुलीचं मलम, डॉक्टरांचा वेळ, काही बिघडलं तर लागणारं औषध आणि रात्री फोन उचलणारं माणूस, हे सगळं ४,५०० रुपयांत मला तरी बसवता येत नाही. त्या दरात यांतलं काहीतरी गाळलेलं असणारच. कोणतं, ते तुम्हाला अंगावर बेतल्याशिवाय कळत नाही.

महागड्या फिलरमध्ये जास्त काय मिळतं?

मुख्यतः तीन गोष्टी. पहिली, इतिहास. रेस्टिलेन स्वीडनच्या उप्साला शहरात तयार झाला, १९९६ पासून युरोपात आहे आणि डिसेंबर २००३ मध्ये त्याला अमेरिकेची मान्यता मिळाली. जुव्हेडर्मला ती २००६ मध्ये मिळाली. इतकी वर्षं लाखो चेहऱ्यांत वापरल्यावर या जेलचे गुण आणि दोष दोन्ही उघड झालेले असतात. कुठल्या जागी सूज धरतं, कुठे गाठ करतं, विरघळायला किती औषध लागतं, हे आम्हाला आधीच ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे जागेनुसार जेल. हनुवटीला आणि गालाच्या हाडावर ताठ, आकार धरणारं जेल लागतं. ओठाला मऊ आणि हलणारं लागतं. डोळ्याखाली तर अगदी पातळ आणि पाणी कमी ओढणारं. चांगल्या कंपनीचे चार-पाच प्रकार असतात आणि त्यांत हायल्युरोनिक ॲसिडचं प्रमाण, कणांचा ताठपणा वेगवेगळा असतो. उदाहरणार्थ, जुव्हेडर्म घराण्यातल्या व्होल्यूमात ते मिलीमागे २० मिलिग्रॅम असतं, व्होलबेलात १५. स्वस्त फिलरमध्ये पुष्कळदा एकच जेल "सगळीकडे चालतं" म्हणून विकलं जातं. गालाचं ताठ जेल डोळ्याखाली घातलं की तिथे निळसर, फुगलेली पट्टी दिसते आणि ती वर्ष-वर्ष जात नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, माग. उद्या त्रास झाला तर ही सिरिंज कोणत्या बॅचची, कोणी आयात केली, कुठून आली, हे सांगता येतं.

महागड्या सिरिंजच्या किमतीत जाहिरात, परिषदा आणि मोठमोठे बॅनर यांचाही वाटा असतो, हेही सांगायला हवं. सगळे ३५,००० तुमच्या सुरक्षिततेवर खर्च होत नाहीत.

कोरियन फिलर म्हणजे वाईट माल का?

असं सरसकट म्हणणं अन्यायाचं आहे. कोरियात फिलर बनवणाऱ्या मोठ्या, नावाजलेल्या कंपन्या आहेत. एलजी केमचा यवॉर, मेडिटॉक्सचा न्यूरामिस हे तिथे सर्रास वापरतात, आणि तिथल्या अन्न व औषध सुरक्षा मंत्रालयाची देखरेखही कडक आहे. यांतल्या बहुतेकांना अमेरिकेची मान्यता नाही, पण अमेरिकेची मान्यता मिळवायला प्रचंड पैसा आणि वर्षं लागतात. ती नसणं म्हणजे माल वाईट, असा अर्थ होत नाही.

घोळ वेगळाच आहे. "कोरियन" हा शब्द आता भारतात एक पडदा झाला आहे. त्याच्या आड परवान्याचा माल येतो, कुणाच्या बॅगेतून आलेला माल येतो आणि नुसतं कोरियन लिपीत छापलेलं खोकंही येतं. कोरियन अक्षरं आपल्यापैकी कुणाला वाचता येत नाहीत, आणि याचाच फायदा घेतला जातो.

माझं मत विचाराल तर ओठ आणि डोळ्याखालची जागा यांसाठी जास्त अनुभवाचा, महाग फिलर घ्या. हनुवटी किंवा जबड्याच्या रेषेसाठी बजेट कमी असेल, तर भारतात परवाना असलेला कोरियन फिलर चांगल्या हातून घ्यायला माझी हरकत नाही.

महाग फिलर घेतला म्हणजे धोका संपला ना?

इथे मला सगळ्यात जास्त कळकळीने बोलायचं आहे, कारण हा गैरसमज सुशिक्षित घरांतही पक्का बसला आहे.

फिलरचा सर्वांत गंभीर धोका जेलच्या दर्जाशी बांधलेला नाही. तो सुई कुठे गेली याच्याशी बांधलेला आहे. चेहऱ्यावर रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. ओठाच्या आत ओठाची धमनी वळणं घेत जाते. नाकाच्या कडेने वर चढणारी धमनी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापाशी डोळ्याकडून येणाऱ्या वाहिन्यांना जाऊन मिळते. सुईचं टोक यांपैकी एखादीत शिरलं आणि जेल आत ढकललं गेलं, तर ते नळीत बोळा बसावा तसं बसतं. पुढच्या त्वचेला रक्त मिळत नाही. काही तासांत ती मरायला लागते. जेल ३५,०००चं असो की १०,०००चं, बोळा तो बोळाच.

म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०१५ मध्ये चेहऱ्यावरचा फिलर चुकून रक्तवाहिनीत जाण्याबद्दल स्वतंत्र इशारा दिला, आणि तो मान्यताप्राप्त फिलरबद्दलच होता. माहीतगार हातातही हे होऊ शकतं. माझ्या हातूनही होऊ शकतं, ही जाणीव ठेवूनच मी प्रत्येक वेळी सुई उचलते.

मग सुरक्षितता कशात? शरीररचना माहीत असणाऱ्या हातात, जेल अगदी थोडं थोडं आणि सावकाश सोडण्यात, जिथे शक्य तिथे सुईऐवजी कॅन्युला, म्हणजे बोथट टोकाची बारीक नळी वापरण्यात, आणि बोळा बसलाच तर तो लगेच ओळखून विरघळवण्यात. परवान्याचा मध्यम दराचा फिलर अशा हातात, महागड्या फिलरपेक्षा सुरक्षित असतो, जर तो महाग फिलर दोन दिवसांचा कोर्स करून आलेल्या हातात असेल तर.

रक्तवाहिनी अडकली, हे घरी कसं ओळखायचं?

एक प्रसंग सांगते. मे महिन्यातला शनिवार, संध्याकाळची वेळ. साधारण तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी आईला घेऊन आली. तोंडाला ओढणी. आदल्या दिवशी दुपारी एका ठिकाणी ओठांत फिलर घेतला होता. तेव्हाच वरचा ओठ एका बाजूला पांढरा पडला होता, रात्री दुखायला लागला. तिने फोन केला तर सांगण्यात आलं, "सूज आहे, बर्फ लावा, उतरेल." रात्रभर दोघी मायलेकी बर्फ लावत बसल्या. बर्फाने वाहिन्या अजून आक्रसतात, हे त्यांना कोण सांगणार?

तिने ओढणी काढली. वरच्या ओठाच्या डाव्या कडेपासून नाकपुडीपर्यंत जांभळट जाळी उमटली होती, मासे पकडायच्या जाळ्यासारखी, मधे मधे फिकट चौकोन. मी बोटाने ती जागा दाबली आणि सोडली. निरोगी त्वचेत दोन सेकंदांच्या आत लाली परत येते. इथे मी सहापर्यंत मोजलं तरी पांढरा डाग तसाच होता.

तिच्याकडे खोक्याचा फोटो होता, पण त्यावर एक अक्षरही वाचता येईना. आयातदाराचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही. आत हायल्युरोनिक ॲसिड आहे की दुसरं काही, हेच नक्की नव्हतं. हायल्युरोनिक ॲसिडच आहे असं धरून मी विरघळवण्याचं इंजेक्शन दिलं, तासाने पुन्हा तपासलं, पुन्हा दिलं. तिसऱ्या वेळेनंतर, साडेअकराच्या सुमारास, दाबलेल्या जागी रंग परतू लागला. तिची आई तेव्हा पहिल्यांदा खुर्चीत बसली. त्या मुलीचं नशीब चांगलं, की ते जेल विरघळणारं निघालं. ओठावर तांदळाच्या दाण्याएवढा व्रण मात्र राहिला.

तर लक्षात ठेवा. टोचताना किंवा टोचल्यावर त्वचा एकदम पांढरीफट पडणं, साध्या दुखण्यापेक्षा जास्त आणि वाढत जाणारी वेदना, जाळीसारखा जांभळा डाग, दाबल्यावर रंग उशिरा परतणं. भुलीच्या औषधामुळे सुरुवातीला वेदना नसेलही, म्हणून रंगाकडे बघा. दोन-तीन दिवसांनी त्या जागी बारीक पूयुक्त पुटकुळ्या आल्या तर उशीर झाला आहे असं समजा. यांतलं काहीही दिसलं तर बर्फ नको, दुसऱ्या दिवसाची अपॉइंटमेंट नको. त्याच तासाला डॉक्टरकडे.

फिलरने दृष्टी जाते, हे खरं आहे का?

खरं आहे. फार विरळ आहे, पण खरं आहे. नाक, भुवयांमधली जागा आणि कपाळ यांच्या वाहिन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असतात. दाब देऊन सोडलेलं जेल उलट्या दिशेने मागे ढकललं जाऊन डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा बंद करू शकतं. २०१५ मध्ये जगभरातल्या वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या अशा ९८ घटना एकत्र करून अभ्यासल्या गेल्या. त्यांत ३८ जणांना भुवयांमध्ये टोचलं होतं, २५ जणांना नाकात, १३ जणांना नाकाच्या कडेपासून ओठाकडे येणाऱ्या घडीत आणि १२ जणांना कपाळात. जवळपास निम्म्या घटना स्वतःच्याच शरीरातली चरबी भरल्यामुळे झालेल्या होत्या. म्हणजे "माझीच चरबी आहे, तिने काय होणार" हा दिलासाही पोकळ आहे.

डोळ्याच्या पडद्याला रक्त मिळालं नाही तर हाताशी वेळ मिनिटांचा असतो, आणि गेलेली दृष्टी बहुतेकांची परत आलेली नाही. म्हणून सुईने नाक सरळ करायला मी नकार देते. दुसरे कुणी डॉक्टर ते करत असतील तर तो त्यांचा निर्णय. पण पार्लरमध्ये, बंगल्याच्या खोलीत, घरी येऊन नाकाचा फिलर कुणी करत असेल, तर कृपा करून उठून या.

"विरघळवण्याचं इंजेक्शन" काय असतं?

त्याचं नाव हायल्युरोनिडेज. हायल्युरोनिक ॲसिडच्या साखळ्या तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डोळ्याची जागा बधिर करताना ते वर्षानुवर्षं वापरतात, म्हणून ते मिळायला कठीण नाही आणि फिलरच्या मानाने अगदी स्वस्त आहे. आपल्याकडे त्याची १,५०० युनिटची कुपी सहज मिळते. त्याला फ्रीजमधली जागा तेवढी लागते.

म्हणून मी प्रत्येकाला सांगते, फिलर घ्यायच्या आधी विचारा, "हायल्युरोनिडेज इथे, आत्ता, फ्रीजमध्ये आहे का? मला दाखवाल का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही, उठून कुपी दाखवतो. "लागलं तर मागवू" हे उत्तर आलं तर पर्स उचला.

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी मोठी ॲलर्जी आली असेल तर ते आधीच सांगा. त्यांच्या विषातही हेच विकर असतं आणि या इंजेक्शनचीही प्रतिक्रिया येऊ शकते.

फिलर शाकाहारी असतो का?

आमच्याकडे जैन आणि माळकरी घरांतून हा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. पूर्वी काही फिलर कोंबड्याच्या तुऱ्यातून काढलेल्या हायल्युरोनिक ॲसिडचे असत, आणि त्याआधीचं कोलेजन गाईच्या कातड्यातून. आजचे नेहमीचे फिलर जिवाणूंच्या किण्वनातून बनतात, त्यांत प्राण्याचा भाग नसतो. हायल्युरोनिडेज मात्र बऱ्याचदा मेंढ्याच्या किंवा बैलाच्या वृषणातून मिळवलेलं असतं. ते कधी लागेल सांगता येत नाही, म्हणून याचा विचार घरी आधीच करून या.

"एफडीए ॲप्रूव्हड" असं लिहिलंय, मग झालं ना?

कोणती एफडीए, ते विचारा. महाराष्ट्रात एफडीए म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वांद्र्याच्या कार्यालयातलं अन्न व औषध प्रशासन येतं, खव्यावर आणि मिठाईवर धाडी घालणारं. फिलरच्या जाहिरातीत अमेरिकेची एफडीए अभिप्रेत असते, आणि तिची मान्यता ठरावीक वस्तूला, ठरावीक जागेसाठी आणि ठरावीक वयापुढे असते. तिथे बहुतेक फिलर २२ वर्षांपुढच्यांसाठीच मान्य आहेत. नाकासाठी एकही नाही.

भारतात फिलर वैद्यकीय उपकरणांच्या २०१७ च्या नियमांखाली येतो. तो आयात करायला दिल्लीच्या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेचा परवाना लागतो. तुमच्या कामाचा कागद तो आहे.

युरोपचं सीई चिन्ह असेल तर त्याच्या शेजारी चार आकडी क्रमांक असतो, कारण फिलरसारख्या वस्तूला बाहेरच्या तपासणी संस्थेची मंजुरी लागते. नुसतं सीई छापलं आणि आकडेच नाहीत, तर ते छापणाऱ्याच्या मनाचं आहे.

खोकं हातात आलं तर काय बघायचं?

खोकं तुमच्यासमोर उघडलं गेलं पाहिजे, ही पहिली अट. सिरिंज आधीच ट्रेमध्ये भरून ठेवलेली असेल तर घेऊ नका. खोक्यावर आयात करणाऱ्या भारतीय कंपनीचं नाव-पत्ता आणि आयात परवाना क्रमांक इंग्रजीत छापलेला असतो किंवा तसं लेबल चिकटवलेलं असतं. बॅच क्रमांक आणि मुदत खोक्यावर, आतल्या पाकिटावर आणि सिरिंजवर सारखीच असायला हवी. तिन्ही ठिकाणी बोट ठेवून वाचा, लाजू नका. चांगल्या फिलरच्या आत बॅच क्रमांकाचे सुटे स्टिकर असतात. एक तुमच्या फाइलवर, एक तुमच्याकडे. तो स्टिकर घरी दागिन्यांच्या पावत्यांबरोबर जपून ठेवा.

अजून एक, आमच्या विदर्भापुरतं. बहुतेक फिलर २ ते २५ अंशांत ठेवायचे असतात. मे महिन्यात इथे पारा ४५ ला टेकतो. ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून पार्सल म्हणून आलेलं आणि दुपारभर कुणाच्या स्कूटरवर फिरलेलं अस्सल खोकंसुद्धा अस्सल राहत नाही. अधिकृत वितरकाकडून बिलासह आलं का, हे विचारायचं कारण तेच.

ऑनलाइन मिळणारं "हायल्युरॉन पेन" सुई नसल्यामुळे सुरक्षित असेल ना?

नाही. ते दाबाने जेल त्वचेत मारतं. किती खोल आणि कुठे गेलं यावर कुणाचाच ताबा नसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ते वापरूच नका असं बजावलं आहे. घरी स्वतःच्या हाताने सुईने टोचायचे किट मिळतात, त्यांबद्दल तर बोलायलाच नको.

मी आणि बहीण मिळून एक सिरिंज वाटून घेतली तर?

मुळीच नाही. सुई बदलली तरी सिरिंजमध्ये रक्ताचा अंश मागे येऊ शकतो. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही हे सगळे त्या वाटेने जातात. बहीण सख्खी असली तरी. "उरलेलं अर्धं फ्रीजमध्ये ठेवतो, महिन्याने या" हेही तितकंच चूक. एकदा उघडलेली सिरिंज त्याच माणसासाठी, त्याच बैठकीपुरती.

कायमस्वरूपी फिलर एकदाच घेतला तर स्वस्त पडणार नाही का?

हिशोब बरोबर वाटतो, पण या वाटेवर शंभराहून जास्त वर्षांची दुःखं आहेत. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी यांनी १८९९ च्या सुमारास पॅराफिन, म्हणजे मेणच, शरीरात टोचायला सुरुवात केली. युरोपात त्याची लाट आली. ग्लॅडिस डीकन ही त्या काळची नावाजलेली सुंदरी. तिने नाकात मेण भरून घेतलं आणि पुढे ते खाली ओघळून तिचा चेहरा बिघडला. नंतर द्रवरूप सिलिकॉन आलं. त्याच्या गाठी दहा-वीस वर्षांनी उठतात. चीनमध्ये पॉलिॲक्रिलामाइड जेल कितीतरी स्त्रियांच्या शरीरात भरलं गेलं आणि २००६ मध्ये सरकारला त्यावर बंदी आणावी लागली.

अमेरिकेत मान्यता असलेला पीएमएमए नावाच्या प्लॅस्टिकच्या कणांचा एक कायमचा फिलर आहे. पण कायमचा म्हणजे चूकही कायमची. त्याला हायल्युरोनिडेज लागू पडत नाही. गाठ झाली तर कापून काढावी लागते आणि तीही पूर्ण निघत नाही. शिवाय चेहरा वयाप्रमाणे बदलत जातो, भराव मात्र जागचा हलत नाही. तिशीत गालावर शोभलेला उंचवटा पन्नाशीत वेगळाच दिसतो.

कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइट किंवा पॉलिलॅक्टिक ॲसिडचे फिलर कायमचे नसतात, चांगले असतात, पण तेही हायल्युरोनिडेजने विरघळत नाहीत. पहिल्यांदाच फिलर घेत असाल तर विरघळवता येणाराच घ्या, यावर मी ठाम आहे.

फिलर किती दिवस टिकतो?

कंपन्या सहा महिने ते दीड-दोन वर्षं सांगतात. ओठात लवकर विरतो, गालात उशिरा. पण एमआरआयमध्ये काही लोकांच्या चेहऱ्यात कित्येक वर्षांनीही फिलर दिसला आहे. "सहा महिन्यांत निघून जाईल, आवडलं नाही तरी काय" या भरवशावर अनोळखी जेल घेऊ नका. आणि दर सहा महिन्यांनी नवा भरावही करू नका, आधीचा बहुधा तिथेच असतो.

सूज काही महिन्यांनी आली तर?

येऊ शकते, चांगल्या फिलरमध्येही. मोठा ताप, दाताचा संसर्ग किंवा लस यांनंतर जुन्या फिलरची जागा अचानक सुजल्याची उदाहरणं आहेत. २०२० मध्ये मॉडर्नाच्या कोविड लसीच्या चाचणीत अशा तीन जणांची नोंद झाली होती. ती सूज औषधाने उतरते. लस घेऊ नका असा याचा अर्थ नाही. पण गाठ कडक, लाल, गरम असेल तर ती आत बसलेल्या जिवाणूंची असू शकते, आणि इथे अस्वच्छ जागी घेतलेला, नीट न धुतलेला स्वस्त फिलर हमखास जास्त त्रास देतो.

फिलर कोणाकडून घ्यावा?

त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन, ज्यांनी याचं रीतसर शिक्षण घेतलं आहे. भिंतीवरच्या चौकटीतली रंगीत सर्टिफिकेटं बघू नका. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा, तो ऑनलाइन पडताळता येतो. ब्युटिशियनला इंजेक्शन देण्याचा अधिकार नाही, तिचा हात कितीही हलका असो. "डॉक्टर येऊन जाऊन असतात" असं ऐकलंत, तर ज्या दिवशी डॉक्टर असतील त्या दिवशी या, आणि त्यांचंच नाव विचारा.

लग्न महिन्यावर आलंय, जमेल का?

महिना असेल तर आज-उद्याच ठरवा, कारण सूज-काळेनिळेपणा उतरायला दोन आठवडे धरावेत आणि थोडा बदल करायचा तर त्याला वेळ हवा. हळदीला पाच दिवस राहिले असतील तर मी नाही म्हणते. या घाईतच लोक मिळेल तिथे जातात. दाताचं कामही फिलरच्या आधी-नंतर दोन आठवडे टाळा.

कोणी अजिबात घेऊ नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी. चेहऱ्यावर पुरळ किंवा संसर्ग चालू असताना कुणीच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, संधिवातासारखे प्रतिकारशक्तीचे आजार, ओठावर वारंवार येणारे हर्पिसचे फोड, हे सगळं आधी सांगा. अठराच्या आतल्या मुलींना मी परत पाठवते. इंग्लंडने तर ऑक्टोबर २०२१ पासून अठराच्या आत सौंदर्यासाठी फिलर देणं कायद्यानेच बंद केलं.

मी आधीच कुठेतरी स्वस्तात फिलर घेतलाय. आत काय आहे ते माहीत नाही. आता काय करू?

घाबरू नका, आणि लपवू तर अजिबात नका. त्रास नसेल तर लगेच काही काढायची गरज नाही. जिथे घेतला तिथून खोक्याचा किंवा सिरिंजचा फोटो, बिल, तारीख, काय मिळेल ते मागून घ्या. मिळालं नाही तर तसंच सांगायला या. चांगल्या यंत्रावर त्वचेची सोनोग्राफी केली तर हायल्युरोनिक ॲसिड आहे की सिलिकॉनसारखं काही, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. तोवर त्या जागेवर जोरात मसाज, लेझर किंवा नवा फिलर नको.

त्रास झाला असेल तर उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगातून चालतो. तिथे रुग्णही कळवू शकतो. आणि विनापरवाना मालाची तक्रार आपल्या जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. त्या मुलीच्या आईने अर्ज लिहायला माझ्याच दवाखान्यातलं पेन घेतलं होतं. खोक्याचा तो फोटो तिने सोबत जोडला.